पाणी चाखणारी आत्या

आमच्या घरात पाणी चाखायचं काम यमूआत्याकडे होतं. एखाद्या घरात देवपूजा ठरावीक माणसाकडे असते, तसं हे. बुरोंडीला आमची माडापोफळींची वाडी समुद्राच्या इतकी जवळ, की भरतीच्या वेळी ओटीवर बसलेल्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. विहीरही वाडीतच होती. समुद्राशेजारच्या विहिरीचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, तिच्यात वर गोडं पाणी असतं आणि खाली खारं दबा धरून बसलेलं असतं. बेताने उपसलंत तर पावसाळ्यापर्यंत गोडं पुरतं. हावरटपणा करून पंप जोरात चालवलात की गोडं भराभर संपतं आणि खारं वर चढतं. मग पोफळीची पानं टोकांपासून करपायला लागतात आणि घरातल्या माणसांची तोंडं वाकडी होतात. म्हणून वाडीचं शिंपणं चालू असताना कोणीतरी सारखं पाणी चाखत राहावं लागे, आणि ती जीभ आमच्याकडे आत्याची होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, भाऊंची, मोठी बहीण. लग्नानंतर चार वर्षांनी ती माहेरी परत आली ती कायमची. का आली हे घरात कोणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की बंदरावरची माणसं मान वर करून बघायची. आमच्या वाडीतला पाटही तिच्यासारखाच जरा वेगळा होता. पंपाचं पाणी आधी हौदात पडे, हौदातून पाट निघे, मग तो पोफळींमधून, केळींमधून, एकेका माडाच्या आळ्यात डोकावत, उगीचच वळणं घेत सगळ्या वाडीभर हिंडे आणि शेवटी जिथून निघाला तिथेच, विहिरीशेजारी पंपाच्या खोलीला टेकून, अळवाच्या खाचरात येऊन संपे. त्या शेवटाशी जांभ्याचा एक चिरा टाकलेला होता. ती आत्याची जागा. त्यावर ती पदर खोचून बसायची, येणाऱ्या पाण्याची ओंजळ तोंडात घ्यायची, डोळे मिटून घोळवायची, पचकन थुंकायची आणि हुकूम द्यायची. हुकूम भाऊंना असे. भाऊ तिच्यापासून चार हातांवर, पंपाच्या खोलीत, व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून उभे असत, पण आत्या त्यांना ते लांब दापोलीला असल्यासारखी हाक मारी.

"सदूऽऽ! कडवटलं हा! दोन फेरे बंद कर!"

भाऊ निमूटपणे दोन फेरे बंद करीत. थोड्या वेळाने पाट बारीक झाला की पुन्हा आवाज यायचा, "अरे, शेवटच्या माडाला काय नुसता वास द्यायचा काय? खोल एक फेरा!" भाऊ एक फेरा उघडत. असं तासभर चाले. पंपाची घरघर, समुद्राची गाज आणि त्या दोन्हींच्या वर आत्याचा आवाज, माझ्या लहानपणाची दुपार मला अशीच ऐकू येते. आता वाटतं, पाणी हौदाशीच चाखलं असतं तरी चाललं असतं की! एकदा मी तसं म्हणालेही होते. त्यावर आत्या म्हणाली, "हौदात लोखंडाची चव लागते. आन शेवटाला बसलं की दोन गोष्टी कळतात. पाणी गोडं हाय का, आन पाणी पोचलं का." मला ते तेव्हा जुन्या माणसांचं उगीचचं बोलणं वाटलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जे काही वाटतं त्यातलं बरंचसं पुढे मागे घ्यावं लागतं, आणि मला तर ते चारच दिवसांत मागे घ्यावं लागलं.

मी तेव्हा दापोलीला अकरावी सायन्सला होते. रोज सकाळी एसटीने जायचं, डब्यात तांदळाची भाकरी आणि काहीतरी सुकं, आणि संध्याकाळी अंगाला डिझेलचा वास घेऊन परत यायचं. सायन्सला मी गेले ते केवळ सूक्ष्मदर्शकासाठी. दहावीत असताना आमच्या शाळेने आम्हाला एकदा दापोलीच्या कॉलेजात नेलं होतं. तिथे मी घरून औषधाच्या बाटलीतून आणलेलं पाटाचं पाणी काचेवर टाकलं आणि भिंगाखाली बघितलं. त्या एका थेंबात इतकी गडबड चाललेली होती, इतकं काय काय पळत, वळवळत, एकमेकांवर आपटत होतं, की मी जागच्या जागी उड्या मारायला लागले. मैत्रिणीने मला ओढून बाजूला काढलं तेव्हा कुठे दुसऱ्यांना बघायला मिळालं. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की जन्मभर हेच बघायचं. मला दुसरं काही नको होतं. भाऊंना यात फारसा रस नव्हता. "शिकतेस ते शीक, मास्तर म्हणतील तसं कर," एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि मास्तर तर वेगळंच म्हणायला लागले होते. आम्हाला जीवशास्त्र शिकवायला पाटील सर होते, मूळ कोल्हापूरकडचे. धिप्पाड, मोठ्या मिशांचे आणि कोकणातल्या जेवणाने कायम दुःखी. "तुमच्यात रस्सा म्हंजे नारळाचं पाणीच की," असं ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे. शिकवायचे मात्र जीव तोडून. मलाच त्यांचं एक प्रकरण काही केल्या समजत नव्हतं, ते म्हणजे मूत्रपिंडाचं. तिथे रक्त गाळलं जातं इथपर्यंत ठीक. एका बारीक धमनीतून रक्त आत येतं, केसांसारख्या वाहिन्यांच्या गुंत्यातून दाबाने पाझरतं, पाझरलेलं पाणी एका लांबलचक नळीत जातं, हेही पाठ केलं होतं. पण सर म्हणायचे, रक्ताचा दाब वाढला तरी गाळणं फारसं वाढत नाही, दाब उतरला तरी फारसं कमी होत नाही, मूत्रपिंड स्वतःच ते सांभाळतं. कसं सांभाळतं? त्याला कोण सांगतं? हे मला कळेना, आणि पाठ केलेलं परीक्षेत आठवेना. शेवटी चाचणीत मी माझ्या अकलेप्रमाणे उत्तर लिहिलं, की दाब वाढला की गाळण वाढते आणि माणसाला सारखं बाहेर धावावं लागतं.

बुधवारी सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग बाकं बडवून हसला. सर म्हणाले, "आगं ए कुमुद, मग टेकडी चढून देवाला गेलेला माणूस खाली येस्तोवर वाळून जाईल की गं! रोज दीडशे लिटरच्या वर गाळलं जातंय त्या ठिकाणी. जरा इकडंतिकडं झालं तर माणूस शिल्लक ऱ्हाईल का?" मीही हसले, हे माझं चुकलंच. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि एक छापील कागद दाखवला. बारावीला शाखा बदलून आर्ट्सला जाण्याचा अर्ज. सोमवारी शेवटची तारीख होती. "तीन चाचण्या झाल्या, तिन्हीत नापास. बारावीत बोर्डाला बसून वर्ष घालवण्यापेक्षा आत्ताच बदललेलं बरं. रविवारी मी बुरोंडीला मासळी आणायला येणारच हाय. तुझ्या वडिलांना भेटतो, सही घेतो. तोवर हे एवढं एक प्रकरण जरी मला समजावून सांगितलंस, तर फाडतो हा कागद. न्हाईतर सही." माझं सगळं सायन्स, माझा तो थेंब, त्या एका प्रकरणावर येऊन टांगला गेला. एसटीत मला रडूही येत होतं आणि 'वाळून जाईल की गं' आठवून हसूही येत होतं.

घरी आले तर आईभाऊंची बॅग भरून तयार. मुंबईला मामाच्या मुलीचं लग्न होतं, दोघं सोमवारी रात्री परत येणार होते. अर्जाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. उलट मला मनातून उकळ्या फुटत होत्या, की रविवारी सर येतील तेव्हा सही करायला वडीलच घरात नसतील. सोमवारची तारीख उलटून जाईल आणि मी सायन्सलाच राहीन. इतकी अफाट युक्ती दैवाने आपल्याला आयती दिली म्हणून मी त्या रात्री पोटभर जेवले. निघताना भाऊ मला म्हणाले, "शिंपण्याला तू उभी राहा व्हॉल्व्हवर. यमू सांगेल तसं कर, दुसरं काही डोकं चालवू नको."

नेमकं तेच मी चालवलं. कॉलेजला दांडी मारून गुरुवारी सकाळी पुस्तक हातात घेऊन व्हॉल्व्हपाशी उभी राहिले आणि अर्ध्या तासात वैतागले. दोन ओळी वाचायच्या, की "कुमेऽऽ, एक फेरा बंद!" पुन्हा दोन ओळी, की "खोल जरा!" अशाने मूत्रपिंड कधी समजणार? शिंपणं मध्येच थांबवून आत्या पेज ठेवायला घरात गेली, आणि मी पाटाकडे शास्त्रीय नजरेने बघितलं. एवढी वळणं कशाला? पाणी शेवटच्या माडाकडे जायचंय, तर सरळ का जात नाही? मी खोरं घेतलं, वाडीच्या मधोमध एक सरळसोट चर काढला, तीन वळणं मातीने बुजवली आणि शेवटच्या माडापलीकडे पाटाचं तोंड खालच्या खळग्यात सोडून दिलं, म्हणजे उरलेलं पाणी परत विहिरीकडे यायची कटकटच नको. मग व्हॉल्व्हचं चाक उघडून टाकलं, पूर्ण. तासाचं काम पंचवीस मिनिटांत झालं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी पोफळींमध्ये एकटीच नाचले. मधल्या निम्म्या माडांना आता पाणीच जात नव्हतं, हे नाचण्याच्या नादात लक्षात आलं नाही. आत्या पेज ठेवून परत आली, आपल्या चिऱ्यावर बसली. तिच्यासमोरचा पाट ओला होता पण वाहत नव्हता. तिने वाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. मला वाटलं, तिला माझी सुधारणा पटली.

शुक्रवारी आणि शनिवारीही मी तसंच केलं. आत्या दोन्ही दिवस वेळेवर येऊन चिऱ्यावर बसली, कोरड्या पाटासमोर, पदर खोचून, आणि पंप बंद झाला की उठून गेली. हुकूम नाही, हाक नाही. मी वेडी, त्या शांततेत मजेत पुस्तक वाचत होते.

शनिवारपासून स्वयंपाक बिघडायला लागला. आई नसल्यामुळे शुक्रवारपासून मीच रांधत होते. सकाळची पेज खारट झाली. मला वाटलं, हात चुकला. दुपारी कुळथाच्या पिठल्यात मीठ निम्मं घातलं, तरी खारट. रात्री आमटीत मीठ घातलंच नाही, तरीही जराशी खारटच. पाणीही खारट लागत होतं, पण ती जेवणाचीच चव तोंडात राहिली असेल असं मी धरून चालले. मी घाबरले. आत्या चोरून माझ्या भांड्यात मीठ टाकते की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. आत्या मात्र जेवताना गालातल्या गालात हसत होती आणि पाण्याच्या तांब्याला हातही लावत नव्हती. दोन दिवस ती नुसती शहाळी पीत होती. "पित्त झालंय," म्हणाली. ओटीखाली शहाळ्यांच्या कवट्यांचा ढीग बघून मला तिची काळजी वाटत होती. मोठा अभ्यास चालला होता माझा शरीरशास्त्राचा!

रविवारी सकाळी दहाच्या एसटीने सर आले आणि बंदरावर मासळी घेऊन आमच्याकडे पोचले. एका हातात मासळीची पिशवी, तिच्यातून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेला तो कागद. मी अगदी साळसूदपणे म्हणाले, "सर, भाऊ मुंबईला गेलेत. सोमवारी रात्री येतील."

"असू दे की. घरात मोठं माणूस कोण हाय?"

इतका साधा प्रश्न मला तीन दिवसांत सुचला नव्हता. मोठं माणूस दारातच उभं होतं. आत्याने डोक्यावरून पदर घेतला, सरांना ओटीवर बसायला सांगितलं आणि काय काम आहे ते शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी एका विषयात अडलीय, शाखा बदलून घ्यावी, तुम्ही आत्या म्हणजे पालकच, इथे सही करा. आत्याने चष्मा शोधला, कागद उलटासुलटा बघितला, पेन हातात घेतलं. जिला मी तीन दिवस कोरड्या पाटाशी बसवलं होतं तिच्या हातात आता माझं सायन्स होतं. आत्या म्हणाली, "आदी मास्तरांना चहा दे. मग बघू सहीचं."

मी चहा केला. सरांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या मिशा हलल्या. दुसरा घोट घेऊन ते समुद्राकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या घरचं टाकायचं नाही या निश्चयाने त्या सत्त्वशील माणसाने तो अख्खा कप संपवला, घाम पुसला आणि अतिशय आदराने विचारलं, "मावशी, तुमच्यात... चहात मीठ घालायची पद्धत हाय काय?"

आत्याला इतकं हसू फुटलं की तिच्या हातातून पेन पडलं. पदर तोंडाला लावून ती नुसती गदगदत होती. तिचं बघून मला हसू आलं, कशाचं ते न कळताच, आणि आमच्या दोघींचं बघून सरही मोठ्याने हसायला लागले. पुष्कळ वेळाने आत्याने डोळे पुसले. "पद्धत नाय वो मास्तर. हिने विहीर खारट केल्यान. तीन दिवस पंप सोडलान वारा प्यायल्यासारखा. चला दाखवत्ये."

आम्ही तिघं वाडीत गेलो. आत्या आपल्या चिऱ्याशी उभी राहिली आणि कोरड्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं माजं काम. पानी आलं तर मी चाखणार, मी चाखलं तर वरच्याला सांगणार. पानीच हितं येईना, तर मी कुनाला काय सांगू?"

"मग तू मला त्याच दिवशी का बोलली नाहीस?" मी विचारलं.

आत्या खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, सदू तुला सांगून गेला असेल. आता शिकलेली पोर हाय, नवीन रीत आली, यमूची गरज सरली. माजं मी म्हटलं, बसावं गप."

मला एकदम रडू कोसळलं. सरांसमोर, मासळीच्या पिशवीसमोर, हुंदके देऊन. आत्याने मला जवळ ओढलं आणि पाठीवर धपाटा घातला. "रडू नको गो बाय. मीठ आधीच जास्त झालंय." आणि मी रडता रडता पुन्हा हसायला लागले. सर बाजूला तोंड करून मिशा पुसत होते.

मी खोरं उचललं. बुजवलेली वळणं उकरून काढली, माझा तो सरळसोट चर मातीने भरला. सर बघत काय राहतील, त्यांनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोल्हापुरी जोराने माती ओढायला लागले. पंप चालू केला. पाणी हौदातून निघालं, आळ्याआळ्यांत डोकावत, वळणं घेत, वाडीभर हिंडत, आरामात परत आलं आणि आत्याच्या पायाशी पोचलं. आत्याने ओंजळ भरली, तोंडात घोळवली, थुंकली. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा सगळ्या बुरोंडीला ऐकू जाईल असा तो आवाज आला.

"कुमेऽऽ! काय हे समुद्र! बंद कर, चार फेरे!"

मी पळत जाऊन चाकाला हात घातला. एक फेरा, दोन फेरे, आणि तिसऱ्या फेऱ्याला माझा हात तसाच राहिला. पुस्तकातली ती आकृती माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. ती लांबलचक नळी गाळणीपासून निघते, खाली उतरते, वळते, वर येते आणि शेवटी जिथून निघाली त्याच गाळणीच्या तोंडाला, आत येणाऱ्या धमनीला, येऊन चिकटते. मला वाटायचं, चित्रकाराला पानावर जागा पुरली नाही म्हणून त्याने नळी वळवून परत आणली!

"सर! ती परत येते! ती चाखायला परत येते!" मी ओरडले आणि चिखलात उड्या मारायला लागले. मग जे तोंडात येईल ते बोलत सुटले. दाब वाढला की गाळण वाढते, नळीत पाणी जोराने धावतं, नळीच्या शेवटाशी खारट पोचतं. तिथे ज्या पेशी आहेत त्या म्हणजे आत्या! त्यांना खारट लागलं की त्या शेजारच्या धमनीला, म्हणजे मला, ओरडून सांगतात की बंद कर दोन फेरे. धमनी आवळते, आत येणारं रक्त कमी होतं, गाळण पुन्हा होती तेवढी. माणूस टेकडी चढला तरी वाळून जात नाही! सर चिखलात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एक आडवा प्रश्न टाकलाच, "विहिरीत मीठ खालनं येतंय. नळीत कुठनं येतंय?" मी विचार केला. नळीच्या भिंती येणाऱ्या पाण्यातलं मीठ वाटेत उचलून घेतात, हे तर पाठच होतं. "पाणी फार जोरात धावलं तर भिंतींना उचलायला वेळच मिळत नाही. म्हणून शेवटाला जास्त उरतं."

"आणि दाब कमी झाला, मीठ कमी पोचलं, तर?"

उत्तर माझ्याआधी आत्याने दिलं. "तर खोलायचं वो, त्यात काय एवढं?"

सर इतके खूश झाले की त्यांनी आत्यालाच नमस्कार केला. मग म्हणाले, "आता ह्या कागदाचं करायचं काय, मावशी?" आत्याने तो त्यांच्या हातातून घेतला, मला विचारलं, "तुला कळलं ना?" मी मान हलवली. ती सरांना म्हणाली, "मलासुदा कळलं. म्हंजे हिला नक्की कळलंय." आणि कागदाची बारीक घडी घालून तिने ती आपल्या चिऱ्याखाली, एका कोपऱ्याला सरकवली. वर बसून, हलवून बघितलं. "लई दिस डगमगत होता," म्हणाली. माझा शाखा बदलण्याचा अर्ज तिथेच राहिला, आणि मी सायन्सला राहिले.

पुढे चौतीस वर्षं मी रत्नागिरीत मुलांना जीवशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी या प्रकरणाला वर्गात आत्या आली. एकदा तर परीक्षकांचा फोन आला, की तुमच्या मुलांनी उत्तरात 'मग आत्या धमनीला हाक मारते' असं लिहिलंय, याला गुण द्यायचे का? मी म्हटलं, पूर्ण द्या. मागच्या महिन्यात पोटाची सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडच्या आत्या ठणठणीत आहेत." मी टेबलावर इतकी हसले की त्याला यंत्र बाजूला घ्यावं लागलं.

त्या रविवारी सर बांगडे घेऊन परत गेले. विहिरीला आठ दिवस विश्रांती द्यायची असं आत्याने जाहीर केलं. भाऊंना काय सांगायचं हेही तिनेच ठरवलं, आणि ते खरं नव्हतं. संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि मी चुलीशी बसले होते. तिने मध्येच विचारलं, "आत बसून चाखणारी जी हाय म्हणतेस, तिला सुट्टी कवा असते?"

"कधीच नाही. रात्री माणूस झोपला तरी नाही."

"आन ती हाय हे कुनाला म्हाईत असतं?"

"कोणालाच नसतं आत्या. डॉक्टरांना, आणि आम्हा सायन्सवाल्यांना."

आत्याने भाकरी तव्यावर टाकली. "मग बाईच असणार ती," म्हणाली.

सोमवारी रात्री आईभाऊ परत आले. दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळी उठून वरच्या आळीतल्या गोड्या विहिरीवरून कळशीभर पाणी आणलं आणि चहा केला. रोज सकाळचा पहिला चहा भाऊंना, मग आम्हाला आणि शेवटी पातेल्यात उरेल तो आत्याला, अशी आमच्या घरची रीत होती, आणि त्यात कोणालाच कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिला कप भरला आणि तो घेऊन वाडीत गेले. शिंपणं नव्हतं तरी आत्या चिऱ्यावर बसलेली होती. मी कप तिच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले. तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं, घोट घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला आणि मी चार हातांवर उभी असताना, दापोलीला असल्यासारखी हाक मारली.

"कुमेऽऽ! साखर कमी हा!"